धन कुठं साठवायचं? खानदेशातल्या ख्रिस्ती घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नंदुरबार, नवापूर, साक्री या पट्ट्यातल्या घरगुती प्रार्थनासभांतून मी बरीच वर्षं वचन सांगतो. मी पाळक नाही, शेतकरी आहे. सभा संपते, चहा होतो आणि चपला पायात सरकवता सरकवता कोणी तरी हळूच विचारतं, "भाऊ, एक विचारू का?" खरे प्रश्न तेव्हाच निघतात आणि त्यातले निम्मे पैशाचे असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या समजुतीप्रमाणे दिली आहेत. वचनाचे संदर्भ सोबत आहेत, ते स्वतः उघडून वाचावेत.

आध्यात्मिक संपत्ती म्हणजे नेमकं काय? दिसत नाही, मोजता येत नाही, मग तिला संपत्ती का म्हणायचं?

देवाशी जुळलेलं नातं, पापांची क्षमा, मनाची शांती, माणसांवरची प्रीती आणि मरणापुढेही न ढळणारी आशा, याला बायबल धन म्हणतं. अडीनडीला उपयोगी पडते ती संपत्ती, असं आपण मानतो ना? मग घरात अचानक कोणी गेलं त्या रात्री काय उपयोगी पडतं ते आठवून पाहा. बँकेचं पासबुक त्या रात्री कोणी उघडत नाही.

प्रेषित पौलानं फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता. आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे, असं तो चौथ्या अध्यायात म्हणतो. ‘शिकलो’ हा शब्द मला फार धीर देतो. ही संपत्ती कोणाला जन्मतः मिळत नाही, पौलालाही शिकावी लागली.

येशूनं शेतात लपवलेल्या ठेवीचा दाखला दिला आहे (मत्तय १३:४४). आपल्याकडे गुप्तधन म्हटलं की मांत्रिक, लिंबू आणि अमावास्येची रात्र आठवते. दाखल्यातल्या माणसाला ती ठेव सापडते आणि तो आनंदाच्या भरात घरी जाऊन सगळं विकतो. त्याला कोणी दटावलेलं नाही. लोक हा दाखला त्यागाचा म्हणून सांगतात तेव्हा त्यातला आनंद नेमका गळून जातो.

म्हणजे पैसा वाईटच, असं समजायचं का?

नाही. १ तीमथ्य ६:१० मध्ये द्रव्याच्या लोभाला वाइटाचं मूळ म्हटलं आहे, द्रव्याला नव्हे. त्याच अध्यायात पुढे श्रीमंतांना सूचना आहेत: गर्व करू नका, चंचल धनावर आशा ठेवू नका, उदार व्हा. धन असणंच पाप असतं तर या सूचनांची गरजच पडली नसती. येशूनं धनाला धनी म्हटलं, एकाच वेळी दोन धन्यांची चाकरी होत नाही म्हणून (मत्तय ६:२४). सालदारकी केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

भाव वाढेल म्हणून घरात कापूस भरून ठेवणं हे त्या मूर्ख श्रीमंतासारखं वागणं आहे का?

हा प्रश्न २०२३ च्या उन्हाळ्यात मला तीन-चार जणांनी विचारला आणि तेव्हा माझ्याच समोरच्या खोलीत कापूस होता.

२०२१-२२ च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला १०,००० च्या वर गेला होता. तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला. पुढच्या हंगामात आठ-नऊ हजारांनी मागणी आली, तर कोणाचा द्यायचा जीव होईना. खानदेशात घरोघरी कापूस थांबला. आमच्याकडे तो छताला टेकला. त्याच खोलीत दर बुधवारी प्रार्थनासभा भरायची. बसायला जागाच उरली नाही, म्हणून कापूस विकला की पुन्हा सुरू करू असं ठरलं. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. कापसातल्या बारीक किड्यांनी पोरांच्या अंगाला खाज सुटली, हातापायांवर पुरळ उठलं. आई रात्री उठून दाराच्या चौकटीला पाठ घासायची. शेवटी मे महिन्यात सात हजारांच्या आसपास दिला, तोवर सुकून वजनही घटलं होतं.

आता दाखला पाहा (लूक १२:१६-२१). त्या माणसाच्या जमिनीला भरपूर पीक आलं. तो काय बोलतो? माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, माझा जीव. सगळं बोलणं स्वतःशीच. त्यात बायको नाही, मजूर नाही, शेजारी नाही, देव तर नाहीच. त्याला मूर्ख म्हटलं गेलं ते कोठार बांधलं म्हणून नव्हे. कोठारं तर योसेफानंही भरली होती. मिसर देशात सात वर्षं पिकाचा पाचवा हिस्सा साठवून ठेवला (उत्पत्ती ४१) आणि दुष्काळात त्यातून देशोदेशीची माणसं जगली, ज्यांनी त्याला विकलं ते भाऊसुद्धा. रानात इस्राएल लोकांना देवानं रोज दिलेलं अन्न म्हणजे मान्ना. तो हावरेपणानं दुसऱ्या दिवसासाठी ठेवला तर त्यात किडे पडले. शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या दिवसासाठी, देवानंच ठेवायला सांगितला तेव्हा तोच मान्ना चांगला राहिला (निर्गम १६).

तेव्हा घामाच्या मालाला रास्त भाव मिळावा म्हणून थांबणाऱ्या शेतकऱ्याला मी लोभी म्हणणार नाही. व्यापारी थांबतो तेव्हा त्याला आपण हुशार म्हणतो.

माझी चूक भावाची वाट पाहण्यात नव्हती. चार महिने माझ्या घरात सभा बंद होती आणि मला त्याचं काही वाटलं नाही, ही ती चूक. रोज सकाळी मोबाईलवर भाव पाहायचो, शास्त्र उघडायचो नाही. कापूस गेल्यावर खोली झाडताना मी पत्नीला म्हणालो, आता बुधवारी बोलावू सगळ्यांना. ती म्हणाली, "अहो, ओटा तर रिकामाच होता."

डोक्यावर कर्ज असताना ‘उद्याची चिंता करू नका’ हे वचन कसं पाळायचं?

पोटभर जेवलेल्या माणसानं कर्जबाजाऱ्याला हे वचन ऐकवू नये, हे आधी सांगतो. येशू डोंगरावर बोलला तेव्हा समोर बसलेल्यांना काय खावं, काय ल्यावं हा प्रश्न खरोखरच होता. तुमच्या गरजा तुमच्या पित्याला ठाऊक आहेत, असं तो त्यांना म्हणाला. गरज खोटी आहे असं तो कुठेच म्हणत नाही. आणि ज्या पाखरांचा दाखला त्यानं दिला ती घरट्यात बसून राहत नाहीत, दिवसभर वणवण करतात.

प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितली आहे आणि लगेच पुढे ऋण सोडण्याची गोष्ट आहे. मराठी शास्त्रात शब्दच ‘ऋण’ आहे. आपण तो पाप या अर्थानं घेतो, तो बरोबरच आहे. पण मंडळीत कोणी कोणाला हातउसने दिले असतील आणि घेणारा खरोखर अडचणीत असेल, तर ही प्रार्थना म्हणताना देणाऱ्याची जीभ जराशी अडखळायला हवी.

दुसरी गोष्ट कळकळीनं सांगतो. आपल्याकडे कर्ता पुरुष कर्जाचा आकडा एकटाच पोटात ठेवतो. सोसायटीचं किती, बँकेचं किती, सावकाराचं किती, कृषी केंद्राची उधारी किती, हे बायकोला कळतं ते माणूस गेल्यावर. असं करू नका. आकडा कागदावर लिहा आणि घरात दाखवा. मंडळीतल्या दोन विश्वासू माणसांना सांगा, त्यांना बँकेत सोबत न्या. एकमेकांची ओझी वाहा, असं गलतीकरांना लिहिलं आहे (६:२), पण पोटात ठेवलेलं ओझं दुसऱ्याला दिसणार कसं? आणि रात्री झोप येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता कोणाचं तरी दार वाजवा. माझं वाजवलंत तरी चालेल. अशा वेळी माणूस घराबाहेर पडून दुसऱ्याच्या ओट्यावर येऊन बसला, हीच मी देवाची कृपा मानतो.

सोनं घेणं किंवा घालणं विश्वासणाऱ्याला शोभतं का?

जळगावच्या सराफ बाजाराची ख्याती असलेल्या मुलखात हा प्रश्न निघणारच. १ पेत्र ३:३-४ मध्ये बाहेरच्या दागिन्यांपेक्षा मनाची सौम्यता मोलाची म्हटली आहे. ते मी मानतो. पण हे वचन बहुतेक वेळा पुरुषच बायकांना ऐकवतात आणि त्यातल्या अनेकांच्या बायकांच्या नावावर गुंठाभर जमीन नसते. गळ्यातली पोत हाच तिचा एकमेव आधार असतो. मुलीची फी, ऑपरेशन, बियाण्याचे पैसे, सगळं त्या पोतीतूनच उभं राहिलेलं असतं. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला तेव्हा तर लग्नघरं हबकूनच गेली. माझं म्हणणं एवढंच: अंगावर सोनं नाही म्हणून लग्नाला किंवा उपासनेला जायची लाज वाटू लागली, तर त्या लाजेबद्दल देवाशी बोलावं. आणि सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढे बसवणाऱ्या मंडळीनं याकोबाचा दुसरा अध्याय मोठ्यानं वाचावा.

दशांश द्यायलाच हवा का? शेतकऱ्यानं दहावा भाग कशाचा काढायचा?

नव्या करारात आकडा बांधून दिलेला नाही. प्रत्येकानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, रडतखडत देऊ नये (२ करिंथ ९:७). मी स्वतः खर्च वजा जाता उरलेल्याचा दहावा भाग काढतो. एकूण विक्रीचा धरला तर तोट्याच्या वर्षी कर्ज काढून द्यावा लागेल आणि देव ते मागत असेल असं मला वाटत नाही. काही भाऊ एकूण विक्रीवर देतात, त्यांच्या विश्वासाचा मला आदर आहे.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. आईबापांना लागणारा पैसा ‘देवाला वाहिला’ म्हणून सांगून हात झटकणाऱ्यांना येशूनं खडसावलं आहे (मार्क ७:९-१३). म्हाताऱ्या आईच्या गोळ्या आधी आणा. दुसरी गोष्ट, घरात विचारल्याशिवाय देऊ नका. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांचा हात इतका सढळ होता की घरात पैसा टिकत नसे आणि त्यापायी झालेली ओढाताण लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत मोकळेपणानं लिहून ठेवली आहे. टिळकांबद्दल मला अपार आदर आहे. तरीही ती पानं वाचताना मी दर वेळी लक्ष्मीबाईंच्या बाजूला जाऊन बसतो. नवऱ्याच्या औदार्याची किंमत चुलीपाशी बसलेल्या बाईनं एकटीनं मोजू नये.

‘देवाला द्या, तो शंभरपट परत देईल’ असं काही वक्ते सांगतात. हे खरं आहे का?

या शिकवणीनं आपल्या लोकांचं फार नुकसान केलं आहे. गाडी, बंगला, परदेशवारी म्हणजे आशीर्वाद आणि ते मिळत नसेल तर तुमचा विश्वास कमी, असा तो हिशेब आहे. आमच्या भागातल्या एका विधवा बहिणीनं शेळी विकून आलेले सगळे पैसे एका मोठ्या सभेत ‘बियाणं’ म्हणून टाकले. वर्ष गेलं, काही आलं नाही. ती मला म्हणाली, "भाऊ, माझ्यातच पाप असेल." शेळी गेल्याचं दुःख तिनं केव्हाच गिळलं होतं. देव आपल्यावर रागावला आहे हे तिला गिळता येत नव्हतं.

जो पेरतो तो कापतो हे वचन हे वक्ते वापरतात (२ करिंथ ९:६). पौल तिथे यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करतो आहे, स्वतःसाठी नाही. ज्या मासेदोनियाच्या मंडळ्यांचं तो कौतुक करतो त्या स्वतः कंगाल होत्या आणि देऊन त्या श्रीमंत झाल्या असं तो कुठेही लिहीत नाही. पेरणीचं पुढचं फळ तो सांगतो ते हे की घेणाऱ्यांच्या तोंडून देवाची उपकारस्तुती होईल. तो स्वतः उपाशी, उघडा, थंडीत कुडकुडत हिंडला (११:२७). शंभरपटीचा नियम असता तर पौलाइतका श्रीमंत माणूस रोमी साम्राज्यात झाला नसता.

देव देतो, भरभरून देतो, याची साक्ष मीही देईन. पण आपण त्याला कर्ज देत नाही आणि तो व्याजासकट परतफेड करत नाही. विधवेची शेळी घेऊन तिला आशेवर ठेवणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागेल.

वादळात केळीची बाग आडवी झाली. देवानं शिक्षा केली का?

नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांपेक्षा अधिक पापी होते असं समजू नका, असं येशूनं स्पष्ट सांगितलं (लूक १३:४). रावेर-यावल भागात मे-जूनचं वारं एका रात्रीत घडाला आलेली बाग झोपवतं, त्यात भल्याचीही बाग असते आणि बुऱ्याचीही. नवापुरात २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू आला. देशात तो तिथेच पहिल्यांदा सापडला. चांगले चालणारे पोल्ट्री व्यवसाय काही दिवसांत रिकामे झाले, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि २०२१ मध्ये त्याच गावावर पुन्हा तीच वेळ आली. त्या शेडमालकांत प्रार्थना करणारे नव्हते असं थोडंच आहे?

हबक्कूकच्या पुस्तकाचा शेवट अशा घरात बसून वाचावा, आणि हळू आवाजात. अंजिराला बहर नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. संदेष्टा नुकसान लहान करून सांगत नाही, एकेक वस्तूचं नाव घेऊन मोजतो. आपणही पंचनाम्यात एकेक झाड लिहून घ्यावं, भरपाईचा अर्ज करावा आणि रडावंसं वाटलं तर रडावं. आनंदाचं वचन दुसऱ्याच्या तोंडून लादून घ्यायचं नसतं, ते ज्याचं त्याच्या तोंडून निघावं लागतं. कधी कधी त्याला वर्ष लागतं.

‘स्वर्गात धन साठवा’ हे सांगून गरिबांना गप्प बसवलं जातं, असं आमचा मुलगा म्हणतो. त्याला काय उत्तर द्यावं?

त्याचं म्हणणं ऐकून घ्या, कारण असं घडतं. नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबं दर वर्षी उचल घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुकादमाचा हिशेब त्यांना नीट कळत नाही, हंगाम संपतो तरी उचल फिटत नाही. त्यांना ‘वर बक्षीस आहे’ म्हणून सांगणं आणि हिशेबाच्या वहीबद्दल अवाक्षर न काढणं हा अर्धाच उपदेश झाला. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, हे याकोबानं धनवानांना उद्देशून लिहिलं (५:४). नियमशास्त्र तर सांगतं की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ सकाळपर्यंत ठेवू नका (लेवीय १९:१३). माझ्यासारख्या चार एकरवाल्यालाही हे लागू आहे. कापूस वेचणाऱ्या बायकांना ‘आठवडे बाजारी देतो’ म्हणून मी टाळलं आहे, आणि रविवारी पुढे उभं राहून गाणं म्हटलं आहे. हल्ली वेचणीच्या संध्याकाळीच पैसे मोजतो. वजनकाटा त्यांच्यासमोर लावतो.

मुलाला हेही सांगा: जे धन स्वर्गात साठवायचं ते इथल्याच माणसांच्या हातून जातं. मत्तय २५ मध्ये राजा विचारतो ते भुकेल्याबद्दल, उघड्याबद्दल, आजाऱ्याबद्दल. चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयात आजही डोंगरातून माणसं येतात. तिथे रात्रपाळी करणारी परिचारिका स्वर्गातलं धन साठवते की पृथ्वीवरचं, असा वाद घालत बसायला तिला वेळही नसतो.

श्रीमंताला देवाच्या राज्यात जागाच नाही का?

अवघड आहे, असं येशूच म्हणतो. देवाला अशक्य नाही, असंही तोच म्हणतो (मार्क १०). सगळं विकून गरिबांना दे, हे ऐकून तो श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, पण त्याआधी येशूनं त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, ही ओळ चुकवू नका. श्रीमंत जकातदार जक्कय मात्र निघून गेला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट. त्याला कोणी आकडा सांगितला नव्हता.

शेजारी म्हणतात, हे तर आमच्या संतांनीही सांगितलं आहे. मग ख्रिस्तात वेगळं काय?

त्यांना आनंदानं हो म्हणा. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट सांगताना माझा ऊर भरून येतो आणि जक्कयाची गोष्ट मला तिच्या शेजारी बसलेली दिसते. वेगळं काय विचाराल, तर २ करिंथ ८:९: तो धनवान असून आपल्यासाठी दरिद्री झाला. आम्ही मोहापासून दूर राहतो ते मुळात त्याच्या ओढीनं. वाद जिंकायला म्हणून हे सांगू नका, विचारलं तर सांगा.

मुलांना हे कसं शिकवावं?

उपदेशानं नाही. त्यांच्यासमोर द्या आणि त्यांच्यासमोर उपकार माना. ताटात कळण्याची भाकरी आणि ठेचा असला तरी जेवणाआधीची प्रार्थना पनीरच्या दिवशी जितकी लांब असते तितकीच असू द्या. पोरं हे फार बारकाईनं मोजतात.

माझ्याकडे द्यायला काहीच नाही. मग मी काय करू?

मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून आमच्या इथली सांगतो.

सुगी झाली की आमच्याकडे उपकारस्तुतीची उपासना असते. ज्याच्या शेतात जे येतं ते तो आणतो: ज्वारी, तूर, भोपळा, मिरची, एखादी कोंबडी. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. आमच्यातल्या एका आजींना जमीन नाही, मूलबाळ नाही. त्या वर्षी त्या बाभळीच्या दातणांची जुडी घेऊन आल्या. काड्या सारख्या लांबीच्या कापलेल्या, काटे खरवडून काढलेले, जुन्या लुगड्याच्या काठानं बांधलेल्या. टेबलावर भोपळ्याशेजारी ती जुडी ठेवताना त्यांनी दोनदा सरळ केली. लिलावात ती वीस रुपयांना गेली. घेणाऱ्या शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं दातण चघळत चघळत गावातून फेरी मारली, आजींच्या दारावरूनही.

पुढच्या वर्षी त्या दोन जुड्या घेऊन आल्या.